सहाव्या टोपलीचं तापमान

४ फेब्रुवारी

मामा,

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहिते आहे, असं मी आईला सांगितलंय. खरं म्हणजे हे फोनवर सांगायला मला जमलंच नसतं. गेल्या गुरुवारी आमच्या भट्टी खात्यात तेलाने पेट घेतला. तुझे रंगखान्यातले मिस्त्री भाजले. उजवा हात, कोपरापर्यंत. ते इस्पितळात आहेत, जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणाले.

काय झालं ते क्रमाने सांगते. आमच्याकडे पोलादाची दातेरी चाकं भट्टीत साडेआठशे अंशांपर्यंत तापवतात आणि जाळीच्या टोपलीतून तेलाच्या टाकीत बुडवतात. त्याने ती कडक होतात. एक टोपली बुडवली की तेल तापतं. मग ते निवेपर्यंत अर्धा तास थांबायचं आणि मग दुसरी, अशी इथली रीत. तेल शंभर अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. टाकीवरचा थर्मामीटर महिनाभर बिघडलेला आहे, काटा साठावरून हलत नाही, आणि नवा अजून आलेला नाही.

गुरुवारी तातडीचा माल होता. साहेब स्वतः लॅबमध्ये माझ्या टेबलाशी आले आणि मला विचारलं, मधे न थांबता लागोपाठ किती टोपल्या बुडवता येतील. मी गणित करून सांगितलं, सहा. सहाव्या टोपलीला तेल पेटलं. मिस्त्री टोपली उतरवायची साखळी सोडून मागे सरले असते तर वाचले असते. पण टोपली अर्धी तेलाबाहेर होती, ती पूर्ण खाली गेल्याशिवाय आग आवरणार नव्हती, म्हणून ते साखळी ओढत राहिले. टोपली खाली गेली, कोणीतरी टाकीवर झाकण लोटलं आणि आग विझली. बाकी कोणाला ओरखडाही नाही. मलाही नाही.

चौकशी बसली आहे. टोपल्या ठरल्यापेक्षा जास्त भरल्या असाव्यात, असं खात्यात बोलतात. टोपल्या भरण्याचं काम मिस्त्रींकडे असतं.

मी जेवते, झोपते, कामावर जाते. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुला ओरखडा नाही, हे वाक्य शोधायला मामीला अख्खं पत्र वाचावं लागलं. असली वाक्यं पहिल्या ओळीत लिहीत जा. दिवसभर ती माझ्याशी धड बोलली नाही, जणू आग मीच लावली.

मिस्त्रीसाठी जीव हळहळला. रंगखान्यात आम्ही पाच वर्षं एका पाळीत काढली. त्यानेच तुझं नाव तिथल्या साहेबाच्या कानावर घातलं, तेही मी विसरलेलो नाही. पण खरं सांगू का, माणूस हट्टी. वाफेची झडप अर्धी उघड म्हटलं की हा पाऊण उघडणार, आणि वर म्हणणार, ‘मला वासावरून कळतं.’ त्या नाकानेच त्याचा घात केला असणार. तू सहा टोपल्या सांगितल्यास, त्याने सहांत आठांचा माल कोंबला असेल.

साहेब तुझ्या टेबलाशी येऊन विचारतो, हे वाक्य मात्र मी गल्लीतल्या तिघांना वाचून दाखवलं. आम्हाला साहेबाने बोलावलं की आम्ही दारात उभे राहायचो. आत या म्हटल्यावरही पाय उंबऱ्यातच अडायचा. आणि आता साहेब उभा आणि आमची पोर बसलेली. तुझी आई हे ऐकेल तेव्हा तिला दोन दिवस जेवण जाणार नाही.

ते गणित मला पाठव, मीही करून बघतो. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा न्हाणीघरातल्या बादलीवर तुला शिकवलं होतं ना: एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी. उष्णतेला वजनाने भाग, अंश हातात. तीस वर्षं मी रंगाच्या कढया त्या एका भागाकारावर तापवल्या आणि एकदाही रंग फिसकटला नाही. चौकशीत कोणी तुझ्या आकड्यावर बोट ठेवलं तर सांग, मामाने तपासलाय. हसू नकोस.

मामा


१४ फेब्रुवारी

मामा,

गणित पाठवते आहे. साहेबांना दिलेल्या कागदावर होतं तसंच उतरवलंय.

एका टोपलीतलं पोलाद ८० किलो. ते तेलात सुमारे ७५० अंशांनी उतरतं. पोलादाचा एक किलो एक अंश उतरला की ०.१५ किलोकॅलरी बाहेर पडते (हा आकडा तक्त्यातून घेतला). म्हणून एका टोपलीतून तेलात येणारी उष्णता ८० गुणिले ०.१५ गुणिले ७५०, म्हणजे ९००० किलोकॅलरी.

टाकीतलं तेल ९०० किलो. ९००० भागिले ९००, उत्तर १०. एका टोपलीला तेल दहा अंशांनी तापतं. सुरुवातीला तेल ४० अंशांवर होतं. सहा टोपल्यांचे साठ अंश. चाळीस अधिक साठ, शंभर.

तू तपासच. अगदी बारकाईने तपास, आणि काही चुकलेलं दिसलं तर लगेच लिही.

चौकशीची पहिली बैठक झाली. मला एवढंच विचारलं की सहाचा आकडा तुम्ही दिला होता का. मी हो म्हणाले. मिस्त्रींकडे इस्पितळात माणूस पाठवला होता. ते म्हणाले, मला काही सांगायचं नाही.

मी त्यांना भेटायला गेले होते. ते झोपलेले होते म्हणून परत आले.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरी,

तपासलं. एकदा पाटीवर, एकदा कागदावर, आणि एकदा मामीला पुढ्यात बसवून तोंडी. नऊ हजार भागिले नऊशे, दहा. सहा टोपल्यांचे साठ, वर चाळीस, शंभर. तंतोतंत बरोबर. पोलादाचं ते ०.१५ मला ठाऊक नव्हतं, पण ते तक्त्यात आहे म्हणतेस म्हणजे असणार. बाकीचं गणित माझंच आहे. मी ते लगेच ओळखलं, आपल्या घरचं माणूस लांबून चालीवरून ओळखू यावं तसं.

तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. तेल जास्त तापलं ते टोपलीत माल जास्त होता म्हणून, दुसरं कारणच उरत नाही. आणि मिस्त्री ‘काही सांगायचं नाही’ म्हणतो, यातच सगळं आलं. सांगण्यासारखं असतं तर तो गप्प बसला असता होय?

मी त्याला चार ओळी खरडल्या आहेत. आजारी माणसाला लिहायला नको, असं मामी म्हणत होती, पण माझ्याने राहवलं नाही. लिहिलं की तुझ्या हाताचं वाईट वाटतं, पण माझ्या भाचीने कागदावर मांडून दिलं होतं ते ऐकलं असतंस तर हात शाबूत राहिला असता. शिकलेल्या माणसाचं ऐकायला या वयात तरी शीक, असंही लिहिलं. जरा लागेल त्याला. लागू दे.

तुझं जेवण कमी झालंय का? अक्षर बारीक झालंय म्हणून विचारलं.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मिळालं. ‘तंतोतंत बरोबर’ हे वाचून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं याची मला जेवढी लाज वाटते आहे, तेवढी या महिन्यात दुसऱ्या कशाचीही वाटलेली नाही. म्हणून आज सगळं लिहिते.

गणित चूक आहे. ते चूक आहे हे मला आगीच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तुला कागद पाठवला तेव्हाही माहीत होतं. तू चूक पकडशील, मला ओरडशील, आणि मग मला स्वतःहून काही सांगावं लागणार नाही, म्हणून पाठवला होता.

चूक शेवटच्या भागाकारात आहे. उष्णतेला नुसत्या वजनाने भागून चालत नाही. आधी वजनाला त्या पदार्थाच्या विशिष्ट उष्म्याने गुणावं लागतं. विशिष्ट उष्मा म्हणजे त्या पदार्थाचा एक किलो एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तो आकडा. पाण्याचा तो आकडा एक आहे. एकाने गुणलं काय आणि न गुणलं काय, उत्तर तेच येतं. म्हणून तुझ्या कढयांच्या गणितात तो कधी लिहावा लागला नाही. तेलाचा आकडा अर्धा आहे. तेलाला तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता पुरते, म्हणजे तेवढ्याच उष्णतेत ते दुप्पट तापतं. मामीला विचार, सारख्याच दोन शेगड्यांवर एकीवर पाणी ठेवलं आणि दुसरीवर तेवढंच तेल, तर आधी काय तापेल.

९०० ला अर्ध्याने गुणलं की ४५०. ९००० भागिले ४५०, वीस. एका टोपलीला दहा अंश नव्हे, वीस. तिसऱ्या टोपलीलाच तेल शंभरावर पोचलं होतं. चौथी बुडवायलाच नको होती. मिस्त्रींनी टोपलीत एक चाकसुद्धा जास्त भरलेलं नव्हतं.

पोलादाचा आकडा मी तक्त्यातून शोधला, त्याच्याखाली पट्टीने रेघही मारली. तेलाचा आकडा त्याच तक्त्यात तीन ओळी खाली होता. साहेब टेबलाशी उभे होते, मला पटकन उत्तर देऊन दाखवायचं होतं. तो भागाकार हाताने आपोआप केला, लहानपणी बादलीवर केला तसा.

आता जे कागदावर नाही ते. चौथ्या टोपलीनंतर मिस्त्री फडक्याला हात पुसत लॅबच्या दारात आले. साहेब होते, खात्यातले आणखी दोघेतिघे होते. मिस्त्री म्हणाले, “ताई, तेलाचा धूर बदललाय. अर्धा तास थांबू या.” मी म्हणाले, “मिस्त्री, तेल आत्ता ऐंशी अंशांवर आहे. हे नाकाने नाही सांगत, गणिताने सांगते.” सगळे हसले. मी लोकांना हसवलं, मामा. आणि मला ते आवडलं. ते परत म्हणाले, ऐंशीचा धूर असा नसतो. मी कागद उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते गेले. तू त्यांच्या नाकावर जे लिहिलंस ते वाचताना मला माझंच वाक्य ऐकू आलं. तेव्हा तेल एकशेवीसवर होतं.

इस्पितळात ते झोपलेले नव्हते. मी खोलीच्या दारात होते, त्यांनी मला पाहिलं. ओळखीचं हसले. मी मागे फिरले.

चौकशीचा कच्चा अहवाल तयार आहे. टोपल्या क्षमतेपेक्षा जास्त भरल्या, असं त्यात आहे. त्यावर सह्या झाल्या की मिस्त्रींना कामावरून काढतील. त्यांची नोकरी तीन वर्षांची राहिली आहे. शेवटची बैठक सोमवारी. सोमवारी मी बोलेन असं इथे लिहायचं होतं, पण गेल्या बैठकीलाही मी असंच ठरवून गेले होते, आणि कोणी विचारलं नाही म्हणून गप्प बसले. नोकरी जाईल याची भीती आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. आपल्या घरातून मी पहिली शिकले. ‘शिकून हे केलंस?’ असं कोणी आईला विचारलं तर ती काय सांगेल?

तू ते पत्र लिहायला नको होतंस. पण तुला लिहायला लावलं ते मीच.

भिंगरी


२८ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहिलं नाही. राग आला होता, आणि रागात मी काय लिहितो ते मिस्त्रीच्या घरी पोचलेलंच आहे.

मामीला विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, “तेल. हे काय विचारणं झालं?” ज्या भागाकारावर मी तीस वर्षं मिशीला पीळ देत होतो तो फक्त पाण्याचा होता, हे मला सत्तरीला कळलं. रंगखान्यात कोणी मला तेल तापवायला दिलं नाही, हे त्या रंगखान्याचं नशीब.

पण एक सांगतो, आणि हे तुला लागेल. ‘लहानपणी बादलीवर केला तसा’ हे वाक्य तू खोडायला हवं होतंस. मला पाण्यापलीकडचं ठाऊक नव्हतं. तुला होतं. ते तुला ठाऊक व्हावं म्हणूनच तर तुझ्या आईने आणि मी तुला कॉलेजात धाडलं. माझ्या अडाणीपणाच्या आड उभी राहू नकोस, तिथे मलाच जागा पुरत नाही.

सोमवारी बोल. तू नाही बोललीस तर मीच गाडीत बसून येईन आणि सांगेन, अशी धमकी लिहिली होती. ती फाडली. मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल.

ज्या तिघांना तुझं पत्र वाचून दाखवलं होतं, त्या तिघांकडे जाऊन काय खरं ते सांगून आलो. एकाला काही कळलं नाही, एक हसला. तिसरा म्हणाला, पोरीला एकटी पडू देऊ नका. मला वाटलं होतं तिघंही हसतील.

मिस्त्रीला दुसरं पत्र लिहिलंय. पहिलं चार ओळींचं होतं, एका बैठकीत झालं. हे दोन ओळींचं आहे आणि त्याला दोन दिवस लागले. तू मात्र त्याला पत्र पाठवू नकोस. आपल्या घराने त्याला पत्रं पुरेशी पाठवली. त्याच्या घरी जा.

आईला सांगायचं का नाही, ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही.

मामा


९ मार्च

मामा,

तुझं पत्र बैठकीनंतर दोन दिवसांनी हातात पडलं. ते आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि मग वाटलं, नाही.

मी बोलले. पण लगेच नाही बोलले, तेही तुला सांगायला हवं.

बैठकीआधी साहेबांनी मला बाजूला बोलावलं. माझ्या तोंडावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. ते म्हणाले, थर्मामीटर बिघडलेला होता, एवढंच म्हणा. ते खोटं नाही. तुमचंही नाव येणार नाही आणि मिस्त्रींचंही. मामा, मी हो म्हणाले. आत जाऊन बसले तेव्हा मला खरंच वाटत होतं की यात दोघांचं भलं आहे.

मग बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांनी माझा कागद वाचायला घेतला. ते सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे गृहस्थ आहेत. थर्मामीटरचं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, थर्मामीटर नव्हता हे ठीक, पण गणिताप्रमाणे तेल शंभराच्या वर जायलाच नको होतं. मग जास्तीची उष्णता आली कुठून? टोपलीतूनच आली असणार. तू लिहिलं होतंस तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझं गणित जोवर बरोबर आहे तोवर मिस्त्रींचा हातच चूक ठरणार आहे. साहेबांनी दिलेल्या वाटेने फक्त मी बाहेर पडणार होते.

मी उभी राहिले आणि म्हणाले, गणित चुकलंय. फळ्यावर जाऊन शेवटची ओळ लिहिली, तेलाचा अर्धा लिहिला, वीस लिहिले. खडू दोनदा मोडला. चौथ्या टोपलीनंतर मिस्त्री दारात आले होते, मी काय बोलले आणि कोण कोण हसलं, तेही सांगितलं. साहेब टेबलावरच्या कागदांकडे बघत होते.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “तेलाचा हा आकडा तुम्हाला माहीत नव्हता?”

“माहीत होता.”

“मग पहिल्या बैठकीत का सांगितलं नाहीत?”

“भीती वाटली.”

त्यांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. मोठ्याने वाचून दाखवली आणि सही करायला सांगितली. दोन दोन शब्दांची उत्तरं, पण परीक्षेत चार चार पानं लिहिली तेव्हाही हात एवढा दुखला नव्हता.

मिस्त्रींचं नाव अहवालातून निघालं. थर्मामीटर वेळेवर बदलला नाही म्हणून साहेबांना लेखी ताकीद मिळाली. मी कायम व्हायची होते, ते आता होणार नाही. नोकरी राहिली, पण लॅबमधली नाही. मिस्त्री परतले की सहा महिने मी टाकीवर, त्यांच्या हाताखाली. त्यांची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत आणि बहुतेक वळणारही नाहीत, म्हणून साखळी आता दुसरं कोणी ओढेल. खरं सांगितलं की सगळं जागेवर येईल असं मला कुठेतरी वाटत होतं. बोटं जागेवर आली नाहीत.

आईला मी सांगितलं. ती भांडी घासत होती. ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांचा हात बरा होईल का. मी म्हणाले, पूर्ण नाही. मग ती बराच वेळ एकच भांडं घासत राहिली.

काल मिस्त्रींच्या घरी गेले. दोन खोल्या आहेत. ते खिडकीशी खुर्चीवर बसले होते, मांडीवर उशी आणि उशीवर हात. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कोण ते सांगायची वेळ आली नाही. तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, “तुमच्या मामांचं पहिलं पत्र मी यांना वाचून दाखवलं. यांना एका हाताने घडी उलगडता येईना. मी मधेच थांबले होते. हे म्हणाले, पुढे वाच.” एवढं बोलून ती मिस्त्रींच्या बाजूच्या स्टुलावर बसली.

मी सगळं सांगितलं, इस्पितळाच्या दारातून मागे फिरले तेसुद्धा. माफी मागायची वाक्यं मी वाटेत जुळवून ठेवली होती, ती निघालीच नाहीत. नुसतं ‘माझं चुकलं’ एवढंच निघालं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी मी विचारलं, चौकशीच्या माणसाला तुम्ही काहीच का सांगितलं नाहीत?

ते म्हणाले, “काय सांगणार? पोरीने कागद दाखवला आणि मी ऐकलं, हे सांगायचं?” मग म्हणाले, “चौथ्या टोपलीला मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं. साखळी सोडून सरळ बसून राहायला हवं होतं, काय करायचं ते करा म्हणून. तेवढी अक्कल होती मला. पण साहेबांसमोर, चारचौघांत, आपल्यातली एक पोर शिकून तिथे उभी राहिलीय, तिला कसं खोडायचं? म्हटलं, असेल बाबा ऐंशी. शिकलीय ती.”

मामा, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला कळलं असतं काय करायचं ते. मी तिथे बसून राहिले. त्यांच्या बायकोने उशी सारखी केली.

मग त्यांनी विचारलं, “तेलाचा तो आकडा किती म्हणालात?”

“अर्धा.”

“म्हणजे टोपलीमागे वीस. सुरुवातीला तेल चाळीसवर. पहिलीला किती झालं?”

“साठ.”

“दुसरीला?”

“ऐंशी.”

“तिसरीला?”

“शंभर.”

“चौथीला? मी दारात आलो तेव्हा?”

“एकशेवीस.”

“पाचवीला?”

“एकशेचाळीस.”

बायको म्हणाली, अहो, पुरे आता. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आवाजात राग नव्हता. उजळणी घेताना असतो तसा आवाज होता.

“सहावीला?”

मी उशीवरच्या हाताकडे बघत होते. आकडा तोंडातून निघेना. ते थांबून राहिले. बायकोही थांबून राहिली.

“एकशेसाठ,” मी म्हणाले.

“आता परत,” ते म्हणाले. “पहिल्या टोपलीपासून.”

मी साठपासून परत सांगायला सुरुवात केली.

भिंगरी